माहे बेटावरचे स्कॉप्स घुबड इतकी वर्षे नजरेआड कसे राहिले?

रानपाखरू: सेशेल्समधील माहे बेटाखेरीज जगात कुठेही न आढळणारे हे घुबड एकेकाळी नामशेष झाल्याचे मानले जात होते. मग ते पुन्हा सापडले कधी, आणि तोवर ते दिसले कसे नाही?

निशाचर: ते १९५९ मध्ये पुन्हा आढळले. जेमतेम २० सेंटिमीटर लांबीचा हा तपकिरी पक्षी डोंगरउतारावरच्या दाट, दमट जंगलात राहतो आणि रात्रीच बाहेर पडतो, त्यामुळे तो दिसण्यापेक्षा ऐकूच अधिक येतो. करवत चालवल्यासारखी त्याची घोगरी हाक एकदा ऐकली की विसरता येत नाही. त्याचे पहिले घरटे तर थेट १९९९ मध्ये सापडले, यावरून शोधाची कठीणता लक्षात यावी.

डोंगरवाट: वरील प्रतिसादाला थोडी जोड देतो. त्याचे पाय पिसांविना उघडे असतात आणि कानांवरचे तुरे अगदीच आखूड असतात. कीटक आणि पाली हे त्याचे खाद्य आहे.

अरण्यऋण: माझ्या मते खरी काळजी अधिवासाची आहे. सगळी प्रजाती एकाच बेटावर असल्याने जंगलतोड, बाहेरून आणलेले उंदीर व मांजरे यांचा धोका मोठा ठरतो, म्हणूनच मोर्न सेशेल्वा राष्ट्रीय उद्यानातील जंगल टिकवणे अत्यावश्यक आहे.