राष्ट्रीय पातळीवर वनांचा जैवभार कसा ठरतो? आमच्या बारा भूखंडांचा मेळ बसत नाही

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. वनविभागाची परवानगी घेऊन आम्ही तिघींनी या हिवाळ्यात पेंचकडच्या मिश्र सागवनात 31.62 मीटर बाजूचे, म्हणजे दशांश हेक्टरचे, बारा भूखंड आखून त्यांतील 10 सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे प्रत्येक झाड मोजले. त्यावरून काढलेला हेक्टरी जैवभार (झाडांचे कोरडे वजन) त्याच जागेवरच्या उपग्रहाधारित नकाशापेक्षा बराच जास्त येतो आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2023च्या अहवालात देशातील वनांचा एकूण कार्बनसाठा 7,285.5 दशलक्ष टन दिला आहे. एवढ्या मोठ्या देशाचा आकडा जर अशाच भूखंडांवर उभा राहत असेल, तर चूक आमच्या मोजणीत शोधावी की नकाशात? आणि देशाच्या आकड्यावरून आमच्या वनक्षेत्राचा आकडा काढता येईल का?

उत्तर 1 : निवृत्त वनपरिक्षेत्र अधिकारी

ताई, सुरुवात टेपपासून करा. आपल्याकडे घेर 1.37 मीटर उंचीवर घेतात, तर परदेशातील बरीच सूत्रे 1.30 मीटरवर बेतलेली असतात. दोन्हींची सरमिसळ झाली की प्रत्येक झाडात थोडी चूक एकाच बाजूला शिरते. उतारावर उंची नेहमी झाडाच्या वरच्या अंगाने मोजावी, खोडावरची वेल सोडवून टेप तिच्या खालून घ्यावा, छातीच्या खालीच दोन फांद्या फुटल्या असतील तर ती दोन झाडे धरावीत आणि काटेसावरीच्या बुंध्याला पाखे (फळ्यांसारखे आधार) असतील तर ते संपतात त्याच्या वर घेर घ्यावा. ही कामे दमलेल्या दुपारी सुटतात. माझ्या मजुरांच्या हातूनही सुटली आहेत, म्हणून सांगतो.

एक हिशेब करून पाहा. व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून जैवभार काढणारे चावे आणि सहकाऱ्यांचे 2014चे सूत्र घेतले, तर 30 सेंटिमीटर व्यासाच्या, 15 मीटर उंचीच्या आणि 0.60 घनतेच्या (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) झाडाचा जमिनीवरचा जैवभार सुमारे 439 किलो येतो. व्यास 31 धरला, म्हणजे घेरात जेमतेम तीन सेंटिमीटर ढिलाई झाली, तर तो 468 किलोवर जातो. घेर बिनचूक असून घनताच 0.50 धरली, तर 368 किलोच उरतात. धावड्याचे लाकूड आणि पांगाऱ्याचे लाकूड हातात घेतलेल्या माणसाला हे सूत्राशिवायही कळते. तुम्ही सगळ्या जातींना सागाची घनता लावलेली नाही ना?

उत्तर 2 : सुदूर संवेदनाचा अभ्यासक

वरील मुद्दे योग्यच आहेत. नकाशाच्या बाजूने थोडे सांगतो. कोणताही उपग्रह झाडाचे वजन करत नाही. तो उंची, छत्राची (झाडांच्या शेंड्यांच्या आच्छादनाची) दाटी किंवा परत आलेल्या रडार लहरींची तीव्रता टिपतो आणि त्याचे टनांत रूपांतर शेवटी जमिनीवरच्या भूखंडांवरूनच होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील जेडी (GEDI) हे लेसर उपकरण सुमारे 25 मीटर व्यासाच्या ठिपक्यांत उंची मोजते, पण ठिपक्यांमधल्या जागा कोऱ्या राहतात आणि तिथले आकडे अनुमानाने भरावे लागतात. जुलै 2025मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचे एल-बँड रडार 24 सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरते; हेक्टरी साधारण 100 टनांच्या पुढे अशा लहरींचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे दाट वन नकाशात कमी दिसते. दाट वनासाठीच युरोपीय अंतराळ संस्थेने एप्रिल 2025मध्ये सुमारे 70 सेंटिमीटर लहरींचा बायोमास उपग्रह सोडला.

तुमच्या वनात पानगळीचीही भर पडते, कारण मार्च-एप्रिलमधल्या चित्रात सागवन उघडे दिसते. वन सर्वेक्षण वनाच्छादन मोजण्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे घेते, त्यामागे हेही कारण आहे. शिवाय भूखंडाचे कोपरे मोबाइलवर घेतले असतील, तर छत्राखाली पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो आणि 31 मीटरच्या भूखंडासाठी तो फार मोठा आहे.

उत्तर 3 : संख्याशास्त्राचा शिक्षक

मला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा वाटतो की बारा जागा कुणी निवडल्या. वाटेजवळच्या, झाडे चांगली दिसणाऱ्या जागा निवडल्या असतील, तर सरासरी वर जाणारच. म्हणूनच राष्ट्रीय वन मोजणीत 2016पासून 5 × 5 किलोमीटरचे जाळे वापरतात. जागा जाळ्याने ठरते, मोजणाऱ्याच्या पसंतीने नाही.

पुढे वनप्रकार आणि छत्रघनता यांनुसार गट पाडून प्रत्येक गटाची हेक्टरी सरासरी त्या गटाच्या क्षेत्राने गुणली जाते. या बेरजेत टेपच्या किरकोळ चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता निम्मी करायची असेल तर भूखंड चौपट लागतात. सूत्रातली एकाच दिशेची चूक मात्र लाखभर भूखंड घेतले तरी तशीच राहते. त्यामुळे पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित असेल, तर ते नव्या भूखंडांइतकेच स्थानिक जातींची घनता व आकारसूत्रे (झाडाच्या मापांवरून जैवभार काढणारी सूत्रे) तपासण्यावर खर्च व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

देशाचा आकडा खाली आणून आपल्या वनक्षेत्राला लावू नका. त्यात जमिनीवरचा आणि मुळांतला जैवभार, मृत लाकूड, पालापाचोळा आणि माती असे पाच साठे आहेत आणि निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. तुम्ही मोजलेला भाग त्यांपैकी एकच.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. घनतेबाबतची शंका खरी निघाली : जिथे जात ओळखता आली नाही, तिथे आम्ही सागाचीच घनता धरली होती, आणि त्यांत सालई बरीच आहे. बारांपैकी नऊ भूखंड गाडीवाटेपासून दोनशे मीटरच्या आत आहेत, हेही मान्य करावे लागेल. नकाशावर जाळे टाकून नव्या जागा ठरवतो आहोत.

उत्तर 1 : निवृत्त वनपरिक्षेत्र अधिकारी

जाळ्याचा बिंदू नाल्यात किंवा उघड्या माळावर आला तरी तो सोडू नका. तिथला शून्यही नोंदवहीत लिहा. आणि सालई पान नसतानाही सालीवरून ओळखता येते : पातळ कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि खरवडले की राळेचा वास येतो. बीटच्या (त्या वनभागाच्या) वनरक्षकाला सोबत घ्या, तो दाखवेल.