सिगारेट सोडवायला सरकारी पैसा का लावायचा?

अर्धविराम:
सिगारेटवरच्या करातून तिजोरीत पैसा येतो, हे उघड गुपितसुद्धा नाही, सरळ जमेची बाजू आहे. पण ज्याच्या व्यसनावर ती जमा उभी आहे, त्याला उद्या सोडावीशी वाटली तर त्याच्या हाती काय लागतं? पाकिटावरचं सडलेल्या फुफ्फुसाचं चित्र. माझं म्हणणं असं की या कराचा ठरावीक हिस्सा वस्ती-पातळीवरच्या कामाला कायद्याने बांधून द्यावा. म्हणजे समुपदेशक, फोनवरची मदत, तलफ कमी करणारे निकोटिनचे पॅच (अंगावर चिकटवायच्या पट्ट्या) आणि च्युइंगगम फुकट. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये कौल देऊन पाकिटामागे २५ सेंट जादा कर लावून घेतला आणि त्यातला पाचवा हिस्सा तंबाखूविरोधी शिक्षणासाठी राखून ठेवला. १९८९ ते २००४ या काळात त्या कामावर सुमारे १८० कोटी डॉलर गेले. आरोग्यखर्चात मात्र ८६०० कोटी डॉलर वाचले, असा संशोधकांचा हिशेब आहे. आता बोला.

खडूस:
बोलतो. मी दिवसाला वीस ओढायचो. एका सकाळी पाकीट फेकलं, संपलं. समुपदेशक नाही, पॅच नाही. सोडणाऱ्यांतले बहुतेक असेच सोडतात, तुम्हीच आकडे काढून बघा. मग माझ्या करातून दुसऱ्याच्या मनगटात जोर का भरायचा?

आणि ते ‘वाचले’ वगैरे जरा जपून. २००१ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने चेक सरकारसाठी असाच एक हिशेब करवून घेतला होता. त्यात निघालं की ओढणारे लवकर मरतात, त्यामुळे पेन्शन वाचते, म्हाताऱ्यांवरचा औषधखर्च वाचतो, सरकारचा फायदाच! एवढी छी-थू झाली की कंपनीला माफी मागावी लागली. पण पैसा वाचतो म्हणून कार्यक्रम चालवायचा, हा तुमचा तर्क त्याच जातीचा आहे. उद्या कुणी गणित उलटं मांडून दाखवलं तर कार्यक्रम बंद करणार का?

अर्धविराम:
हा फटका बसला, कबूल. ८६०० कोटींचा आकडा मी तोंडावर फेकायला नको होता. माणूस जगावा म्हणून पैसा लावायचा, वाचला तर वरकड.

पण ‘मी सोडली’ हा पुरावा नव्हे. तुमच्यासारखे सोडून बसलेले दिसतात, पुन्हा पेटवलेले बोलायला येत नाहीत. मदतीशिवाय केलेल्या शंभर प्रयत्नांतले जेमतेम तीन ते पाच वर्षभर टिकतात. ‘बहुतेक असेच सोडतात’ हे खरं, कारण प्रयत्न करणारेही बहुतेक असेच करतात.

जमाखर्च:
मी तत्त्वाने विरोधात नाही, पण ‘वस्ती-पातळीवर’ हा शब्द ऐकला की मला फलक, प्रभातफेरी आणि उद्घाटनाचे फोटो दिसतात. याची नीट चाचणी झालेली आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिका-कॅनडात ‘कमिट’ नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला. सारख्या शहरांच्या ११ जोड्या घेतल्या. जोडीतल्या एका शहरात डॉक्टर, शाळा, कारखाने, वर्तमानपत्रं, सगळ्यांना कामाला लावलं आणि दुसरं तसंच सोडलं. चार वर्षांनी काय दिसलं? दिवसाला २५ किंवा जास्त ओढणाऱ्यांत काडीचा फरक नाही: कामाला लावलेल्या शहरांत १८ टक्क्यांनी सोडली, तशाच सोडलेल्या शहरांत १८.७, म्हणजे फरक तोही उलट्या बाजूने! कमी ओढणाऱ्यांत ३०.६ विरुद्ध २७.५. एवढा खटाटोप करून तीन टक्के. त्यापेक्षा कर वाढवा. त्याला कर्मचारी लागत नाहीत.

अर्धविराम:
कर वाढवाच, कुणी अडवलंय? पण ज्याला उठल्या उठल्या पाच मिनिटांत सिगारेट लागते, तो कर भरून ओढतो आणि घरातलं दुसरं काहीतरी कापतो. आणि तीन टक्के म्हणून नाक मुरडू नका. अख्ख्या शहरात तीन टक्के म्हणजे बरीच माणसं.

रात्रपाळी:
मी फोनवरच्या मदत केंद्रात काम करते, म्हणून राहवत नाही.

जमाखर्च यांचं अर्धं बरोबर आहे. फलकांनी जड ओढणारा हलत नाही. त्याला औषध आणि पाठपुरावा दोन्ही लागतं. आमचं काम दिसायला फार कंटाळवाणं आहे. माणूस तारीख ठरवतो, त्या दिवशी फोन. मग तिसऱ्या दिवशी, कारण पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट: चिडचिड, झोप नाही, डोकं धरतं. मग आठवड्याने. घसरणारे बहुतेक याच दिवसांत घसरतात. पॅचचा कोर्स आठ ते बारा आठवड्यांचा, आणि निकोटिनची ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत. म्हणजे हे चोचले नव्हेत.

आता पैशाचं. आमचं अनुदान वर्षाचं. वर्ष संपलं की नवीन मंजुरी येईपर्यंत दोन-तीन महिने खडखडाट, आणि नेमके तेव्हा कुणीतरी पाचव्या आठवड्यात असतं. एकदा मला एका माणसाला सांगावं लागलं की पुढचे पॅच सध्या नाहीत. तो म्हणाला, ‘असू दे, बघतो.’ पुढच्या फोनला त्याने उचललं नाही. किती पैसे द्यायचे यावर इथे भांडण चाललंय. कमी द्या हो, पण मध्येच तोडू नका.

तिरकस:
मग सरळ ओढणाऱ्यालाच पैसे द्या की!
(थट्टा नाही. ग्लासगोत ६१२ गर्भवती स्त्रियांवर हा प्रयोग झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मदतीबरोबर ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपनं दिली, तर २२.५ टक्के जणींनी सोडली. नुसत्या मदतीवर ८.६ टक्के.)

खडूस:
वा. म्हणजे जिने कधी ओढलीच नाही ती वेडी.

तिरकस:
तिचं बाळ आधीच सुरक्षित आहे. कुपन बाळासाठी आहे, तिच्या सद्गुणासाठी नाही.

जमाखर्च:
रात्रपाळी यांचा मुद्दा पटला. फोन आणि औषध यांना माझा विरोध मागे. पण ‘बांधून द्या’ याला आहे. राखीव पैसा म्हटलं की तो खर्च करायला कारणं शोधली जातात.

अर्धविराम:
आणि बांधून दिला नाही की काय होतं? १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी खटल्यांत तडजोड केली. २५ वर्षांत किमान २०,६०० कोटी डॉलर मिळायचे होते. कशावर खर्चायचे याचं बंधन मात्र नव्हतं. बहुतेक राज्यांनी तुटी भरल्या आणि इतर कामं उरकली, तंबाखूविरोधी कामाला चिल्लर आली. थायलंडने उलट केलं. २००१ पासून दारू-तंबाखूच्या अबकारी करावर २ टक्के अधिभार लावला, तो थेट आरोग्य निधीत जातो.

खडूस:
म्हणजे निधी जगायचा तर लोकांनी ओढत राहायला हवं. झकास व्यवस्था.

अर्धविराम:
तिजोरी आजही त्याच भरवशावर आहे. निदान या निधीला स्वतःचा धंदा बुडवायचं काम तरी दिलेलं असेल.

रात्रपाळी:
पाळी सुरू होतेय, निघते. खडूस, एक विचारते, रागावू नका. तुम्ही पाकीट फेकलंत, त्यानंतरचे दोन-तीन आठवडे घरात कसे गेले?

खडूस:
बायको माझ्या कुठल्याही बोलण्याला उलट उत्तर देत नव्हती. मला वाटलं होतं, माझं सगळं पटतंय. पुढे कळलं, तिने पोरांनाही बजावून ठेवलं होतं. ही मदत धरायची का तुमच्यात?