बर्फ वितळल्यावर नाताळचं झाड काढता की ठेवता?

नौपाडा, ठाणे

मी फोनवर टाउनशिप हा गाव वसवण्याचा खेळ खेळते. परवा सकाळी माझ्या तिथल्या गावातला बर्फ गेला. डिसेंबरभर छपरं, झाडं, विमानतळ सगळं पांढरं होतं. अपडेट आलं आणि हिरवं गवत परत दिसायला लागलं. त्या गवतावर माझी अकरा नाताळची झाडं, दोन स्नोमॅन आणि दिव्यांच्या माळा मात्र तशाच उभ्या आहेत.

घरात आमचं सगळं ठरलेलं असतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मखर पुसून माळ्यावर जातं, आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरतो. खेळात मात्र हात धजावत नाही. त्यातलं एकेक झाड मिळवायला मी तीन-तीन आठवडे ट्रेन भरल्या आहेत, हेलिकॉप्टरच्या ऑर्डरी पुऱ्या केल्या आहेत. ज्यांनी असे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, सणाच्या वस्तू ठरावीक दिवसच मिळतात. तेवढ्या दिवसांत नेमून दिलेली कामं करून गुण जमवायचे, एकेक पायरी चढायची. मुदत संपली की ती वस्तू पुन्हा येईलच असं नाही.

म्हणून विचारते. तुम्ही तुमचं गाव सणासुदीला कसं सजवता आणि सण सरल्यावर त्या सामानाचं काय करता? खेळ कुठलाही असू दे, पण सविस्तर लिहा.

कोपरखैरणे

मी 'हे डे' (Hay Day) हा शेतीचा खेळ खेळते, २०१४ पासून. ठाण्याची गाडी पकडली की खिडकीशी उभं राहून आधी गहू काढायचा, तो दोन मिनिटांत पिकतो. मग कोंबड्या, मग दुकान. ऐरोली येईपर्यंत शेत आवरलेलं असतं.

माझा मोठा सण म्हणजे दिवाळी, पण खेळात ती माझी मलाच करावी लागते. त्या सुमारास तिथे हॅलोविनचे भोपळे असतात. पहिली दोन वर्षं ते मला नकोसे वाटायचे, सणाच्या दिवसांत दात विचकलेली तोंडं कोण दारात मांडणार? मग लक्षात आलं की आतून दिवा लावलेला भोपळा लांबून पणतीसारखाच दिसतो. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी आली. मी घरापासून फाटकापर्यंत दोन्ही बाजूंनी भोपळे ओळीत लावले, मधे पिवळ्या फुलांच्या कुंड्या ठेवल्या, फारच भेसूर होते ते झुडपांमागे सारले. अभ्यंगस्नान झाल्यावर सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुळशीपाशी अंधार आहे गं." मग एक भोपळा तिकडे नेला.

तुळशीचं लग्न झालं की मी सगळे काढते. एक दिवससुद्धा जास्त ठेवत नाही. पुढच्या वर्षी मांडायला मजा यायला हवी ना!

वर्तकनगर, ठाणे

मी नववीत आहे. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये माती आणायला बंदी झाली, त्यामुळे किल्ला बंद. मला फार वाईट वाटलं, कारण पहिलीपासून आम्ही दर दिवाळीला करायचो. मग मी आणि खालच्या मजल्यावरच्या मित्राने आईच्या हे डेमध्ये किल्ला केला. दगडांची तटबंदी, कुंपणाचे बुरूज, मधे तळ्याचा तुकडा. खऱ्या किल्ल्यावर आम्ही आळीव पेरायचो, तसं इथे उतारावर शेतं मांडून गहू पेरला. पण गहू दोन मिनिटांत पिवळा! फोटो काढेपर्यंत सगळा डोंगर पिवळा झाला. मग ऊस लावला, त्याला ३० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात सगळ्या मजल्यांवर जाऊन दाखवून आलो. मावळे नाहीत, म्हणून काका आणि दादांनी आपापल्या घरातले खरे मावळे फोनभोवती ठेवले, तोच फोटो बेस्ट आला.

आईने दुसऱ्या दिवशी सगळं हलवलं. तिला शेतं लागतात.

नेरुळ

मी नगररचनेच्या कामात ड्राफ्ट्समन होतो, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नातीने टॅबवर सिमसिटी बिल्डइट हा शहर वसवण्याचा खेळ घालून दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर बसतो.

ताईंचा प्रश्न काढायचं की ठेवायचं असा आहे. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न येतो, मांडायला जागा ठेवली होती का? सिडको १९७० साली स्थापन झाली, आणि पुढे नवी मुंबई नोड आणि सेक्टरांत आखली गेली. त्या आखणीत मैदानांचे तुकडे मुद्दाम मोकळे ठेवलेले असत. कागदावर ते नुसते पांढरे चौकोन. तरुणपणी मला तो प्लॉटचा अपव्यय वाटे. पुढे त्याच चौकोनांत गणपतीचा मांडव पडताना, नवरात्रात गरबा होताना, उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळताना पाहिली. मैदान वर्षातले बरेच दिवस रिकामं असतं, म्हणून तर तिथे मांडव पडू शकतो.

माझ्या शहरात मी रस्ते आधी टाकतो आणि दर वस्तीत एक चौक रिकामा सोडतो. त्यात हंगामाची वस्तू येते, हंगाम सरला की उचलली जाते. या खेळात एक अडचण मात्र आहे. बागा आणि देखण्या वास्तू आपल्या टापूतल्या घरांची लोकसंख्या वाढवतात. त्यामुळे नाताळची बाग उचलली की भोवतालच्या इमारतींतली माणसं कमी होतात आणि आकडा घसरतो. बहुतेक खेळाडू त्या भीतीने काहीच हलवत नाहीत, आणि मग त्यांच्या शहरात जून महिन्यात बर्फाचा महाल, त्याला लागून ड्रॅगन, त्याला लागून भोपळा अशी दाटी होते. मी त्या चौकाला लागून एक साधी बाग कायमची ठेवतो. हंगामाची वस्तू गेली तरी लोक सगळे निघून जात नाहीत. घसरलेला आकडा मी सोसतो. नातीला ते पटत नाही, आमचा त्यावर वाद होतो.

घोडबंदर रोड, ठाणे

माझा अनुभव वाईट आहे, पण सांगायला हवा. मुलगी आठ वर्षांची. ईस्टरची अंडी आणि ससे असलेला एक संच "शेवटचे दोन तास" असं घड्याळ दाखवत समोर आला. तिने माझ्या फोनवरून खऱ्या पैशांनी एकामागून एक खेळातल्या रत्नांचे संच घेतले. कार्ड जोडलेलंच होतं. किराण्याचे महिन्याचे पैसे गेले. ती रडत होती आणि मी ओरडत होते, ते आठवलं की आजही जीव कळवळतो. चूक त्या पळत्या घड्याळाची जास्त होती. खरेदीला दर वेळी पासवर्ड लागेल अशी सेटिंग आजच करा. ससे अजून गावात आहेत. ती म्हणते काढूया, मी म्हणते राहू देत.

ऐरोली

फार्मव्हिल हा शेतीचा खेळ आठवतोय का कुणाला? २००९ साली फेसबुकवर आलं तेव्हा मी नवीन लग्न होऊन इथे आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. नणंद नागपूरला. आम्हा दोघींचं फोनवर फारसं बोलणं नसायचं, पण त्या नाताळात झाडाखाली ठेवायचे खोके आम्ही रोज एकमेकींना पाठवले. पंचवीस तारखेपर्यंत उघडायचे नव्हते. त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "वहिनी, उघडले का?" आमची मैत्री तिथून सुरू झाली. ३१ डिसेंबर २०२० ला ते फार्मव्हिल बंद झालं तेव्हा माझ्या शेतात २००९चं झाड होतं तसंच होतं. मी कधीच काढलं नाही, आणि बरं केलं असं वाटतं.

कळवा

नर्स आहे, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत खेळायचे. जुलैत रेल्वे फाटकापाशी गुडघाभर पाण्यात फोन पडला. गाव कुठल्याच खात्याला जोडलेलं नव्हतं. पाच हिवाळ्यांची सजावट गेली. खेळाच्या मदत विभागाला चार वेळा लिहिलं, ठरावीक उत्तरं आली. सगळ्यांनी आजच खातं जोडा. मी पुन्हा पहिल्या पातळीपासून सुरू केलंय. सध्या माझ्याकडे एकच कंदील आहे.

सीवूड्स

माझ्या खेळात उन्हाळी संचात गुलाबी फ्लेमिंगो मिळाले होते, तळ्याकाठी उभे करायचे. ते जूनमध्ये आले, कारण खेळ बनवणाऱ्यांकडे उन्हाळा तेव्हा असतो. आमच्याकडे तेव्हा धो धो पाऊस, आणि खाडीतले बहुतेक खरे फ्लेमिंगो निघून गेलेले. मी ते साठवणीत टाकले आणि विसरले.

नोव्हेंबर संपता संपता सकाळी फिरायला गेले, तर खाडीकाठच्या तळ्यात लांबवर गुलाबी रेघ दिसली. त्या दिवशी घरी येऊन मी फोनमधले फ्लेमिंगो बाहेर काढले. आता तीन वर्षं हेच चाललंय. खरे दिसले की माझे मांडायचे, खरे गेले की उचलायचे. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, हे मला त्यानंतर वाचून कळलं. त्याआधी वीस वर्षं पाम बीच रोडवरून जात होते, पण थांबून पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी ऐरोलीहून बोटीनेही जाऊन आले. चिखलातली शेवाळं आणि बारीक जीव खाऊन त्यांना तो रंग येतो. मग मी खेळातल्या तळ्याकाठची हिरवळ काढून तपकिरी माती टाकली. आता बरोबर दिसतं.

नौपाडा, ठाणे

सगळ्यांचं वाचलं, नेरुळच्या काकांचं तर तीनदा. काल रात्री बसून नऊ झाडं, स्नोमॅन आणि माळा साठवणीत टाकल्या. दोन झाडं स्टेशनपाशी ठेवली, ऐरोलीच्या ताईंसाठी. टाउन हॉलसमोर आता मोठा चौक मोकळा झालाय, आणि त्याच्याकडे बघून मला पाडवा आठवला. आमच्याकडे कौपिनेश्वर मंदिरावरून शोभायात्रा निघते, रस्ताभर रांगोळ्या असतात. तर मला त्या चौकात गुढी उभारायची आहे. काठीसारखं उंच काय वापरता येईल?

कोपरखैरणे

रस्त्याकडेचा दिव्याचा खांब घ्या, एकट्या दिव्याचा. वरचा गोल दिवा लांबून तांब्यासारखा दिसतो. लागूनच मागे केशरी फुलांचं झाड लावा म्हणजे वस्त्राचा भास होतो. पायथ्याशी फरशीचे रंगीत तुकडे, रांगोळी म्हणून. मी गेल्या वर्षी केली होती, रात्री फोटो पाठवते.