मदत हवी आहे: जुन्या पीसीसाठी रॅम कोणत्या कंपनीची घ्यावी? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचा सिडकोत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम तो स्वतःच डिझाइन करतो आणि पीसीने आता त्याला रडकुंडीला आणलंय. फोटोशॉपमध्ये १२ बाय ३६ इंचांचं पान, त्यावर दहा-बारा फोटो, शेजारी क्रोम उघडं. सेव्ह दाबायचं आणि चहा पिऊन यायचं. लग्नसराई तोंडावर आहे. नव्या पीसीचं बजेट नाही, म्हणून रॅम वाढवायची एवढं ठरलंय.

पीसीची कुंडली: आय५-१०४००, एच४१० चा मदरबोर्ड, रॅमचे स्लॉट दोनच. एकात क्रुशियलची २६६६ वेगाची ८ जीबी डीडीआर४ रॅम आहे, दुसरा रिकामा. एसएसडी आहे, ग्राफिक कार्ड नाही.

माझा बेत सरळ होता. हुबेहूब तशीच दुसरी क्रुशियल आणायची, म्हणजे जोडी जमली. पण डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियलची मालक कंपनी मायक्रॉनने क्रुशियलचा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी विकण्यात जास्त पैसा आहे, मग एकेक स्टिक घेणाऱ्या आपल्याला कोण विचारतो! वॉरंटी चालू ठेवू म्हणालेत. तरी मन खात नाही असं नाही.

एम. जी. रोडवर विचारून आलो. एक जण किंग्स्टन घ्या म्हणतो, दुसरा एडाटा, तिसऱ्याकडे ईव्हीएम (मतदानयंत्र नव्हे, या नावाची कंपनी आहे). ऑफिसच्या जुन्या पीसींमधून काढलेल्या सॅमसंग-हायनिक्सच्या स्टिकही स्वस्तात मिळतायत, पण पक्कं बिल नाही. आणि भाव तर असे चढलेत की चुकीची वस्तू घ्यायची सोयच उरलेली नाही.

वेगळ्या कंपनीची स्टिक क्रुशियलशेजारी चालेल का? की जुनी काढून नवी जोडीच घ्यावी? आणि ३२०० ची घेतली तर उपयोग होईल का?

प्रतिसाद १

कंपनीचं एवढं मनावर घेऊ नका. जगातल्या बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या. किंग्स्टन, एडाटा, कॉर्सेअर वगैरे चिप विकत घेऊन स्टिक बनवतात. एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये वेगवेगळ्या चिप निघू शकतात, त्यामुळे 'हुबेहूब तशीच' याला तसाही फारसा अर्थ नाही. पैसे द्यायचे ते वॉरंटीचे. ती किंग्स्टन, एडाटा, कॉर्सेअर या तिघांचीही चांगली आहे.

वेगळ्या कंपनीची स्टिक बहुतेक वेळा विनातक्रार चालते, दोन्ही हळू असणारीच्या वेगाने. तुमचा प्रोसेसर २६६६ च्या वर जात नाही, म्हणून ३२०० साठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि दिवे लावलेल्या गेमिंग स्टिक तर नकोतच. त्या पुष्कळदा छापील वेग एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं बायोसमधलं सेटिंग) चालू केल्यावर १.३५ व्होल्टला देतात, एरवी २१३३ किंवा २४०० वरच बसतात. साधी १.२ व्होल्टची २६६६ किंवा ३२०० मागा.

प्रतिसाद २

आधी रॅमच कमी पडतेय ना, ते बघा. फोटोशॉपच्या विंडोत खाली डावीकडे जी पट्टी असते, तिथल्या बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडा आणि अल्बमचं पान उघडून काम करा. आकडा १०० च्या खाली उतरला की रॅम अपुरी पडून फोटोशॉप डिस्कवर लिहितंय. १०० वरच राहिला तर दोष दुसरीकडे आहे, रॅमचे पैसे वाया जातील.

३०० डीपीआयचं १२ बाय ३६ चं पान म्हणजे १०८०० बाय ३६०० पिक्सेल. ८ बिटमध्ये पूर्ण पानाचा एक लेयर सुमारे ११७ एमबी. असे दहा लेयर, वर हिस्ट्री, शिवाय ग्राफिक कार्ड नसल्याने डिस्प्लेही रॅममधूनच घेणार. ८ जीबीत हे भागणं कठीण.

धागाकर्ता

दोघांचे आभार. भावाला फोन करून बघायला लावलं. आकडा सत्तरच्या खाली घसरतोय, म्हणजे रॅमच. आता ८ ची घेऊ की १६ ची?

प्रतिसाद ३

परवडत असेल तर १६ ची एकच घ्या. स्लॉट दोनच आहेत. आज ८ घातली तर पुढच्या वेळी एक काढून ठेवावी लागेल. ८ आणि १६ मिळून २४ जीबी होते, त्यातली १६ ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक एकदम वापरून, म्हणजे जास्त वेगाने) चालते आणि उरलेली ८ सिंगलमध्ये. अल्बमच्या कामात हा फरक जाणवणारही नाही. भाव उतरले की जुनी ८ काढून दुसरी १६ बसवा.

जुन्या पीसीतल्या स्टिकचा मोह टाळा. सॅमसंग-हायनिक्स उत्तमच, पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि लग्नाच्या ऐन तारखांत निळी स्क्रीन आली तर गिऱ्हाईक तुमच्या भावाला धरणार. सीलबंद घ्या, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. बसवल्यावर सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा टॅब बघा. तिथे १३३० च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची. मग रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी सकाळी दुकान उघडताच स्टिक बदलून आणा.