काही त्रास नसताना थायरॉइडची सोनोग्राफी करावी का?

निरंजन_क : माझं मत, करू नये. १९८५ साली फिनलंडमध्ये १०१ मृतांच्या थायरॉइड ग्रंथींचे अडीच-अडीच मिलिमीटरचे काप काढून तपासले, तर ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा, सहसा संथ वाढणारा प्रकार) निघाला. जिवंतपणी कुणाच्या गावीही नव्हता. काप आणखी पातळ केले असते तर आकडा वाढलाच असता.

मृण्मयी : तो एका देशातला एक अभ्यास. २०१६ मध्ये ३५ अभ्यासांतली बारा हजारांवर शवविच्छेदनं एकत्र पाहिली, तेव्हा अख्खी ग्रंथी तपासलेल्यांत प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास भरलं. शिवाय गाठ निरुपद्रवी होती हे मेल्यावर कळतं हो! माझ्या मावशीची जेमतेम सव्वा सेंटिमीटरची गाठ अशीच सहज सापडली. ऑपरेशनच्या वेळी मानेतल्या लिम्फ नोड्समध्येही (लसिकाग्रंथींमध्ये) पसरलेली निघाली. तिला काय सांगू, शोधली नसती तर बरं झालं असतं?

निरंजन_क : मावशींना बरं वाटो. पण पॅपिलरी नोड्समध्ये गेला तरी बहुतेक रुग्ण व्यवस्थित जगतात. आणि ११ टक्के म्हणजे नवांत एक, हे कमी आहे? दक्षिण कोरियात सरकारी कॅन्सर तपासणीला जोडून लोक वरचे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ मध्ये निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट! मृत्यूदर मात्र होता तिथेच. ऑपरेशन झालेल्यांपैकी शंभरात अकराजणांच्या पॅराथायरॉइड (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) ग्रंथी मंदावल्या, दोघांच्या स्वरयंत्राला लकवा. बहुतेकांना थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हॉर्मोनची) गोळी जन्मभर.

सदा_सर्वदा : कोरियाचं उदाहरण नेहमी येतं. अमेरिकेत १९९४ ते २०१३ दरम्यान या कॅन्सरचे मृत्यूही वर्षाला साधारण एक टक्क्याने वाढले, ते कुणी सांगत नाही.

अनुजा_प : शोधलं की कापायलाच हवं असं कुठे आहे? जपानमधलं कुमा हॉस्पिटल १९९३ पासून सेंटिमीटरच्या आतल्या कमी धोक्याच्या गाठी नुसत्या लक्ष ठेवून सांभाळतंय. बाराशेवर रुग्णांत दहा वर्षांत आठ टक्क्यांच्या आसपास गाठी वाढल्या. त्या कॅन्सरने मृत्यू एकही नाही.

मृण्मयी : कागदावर छान. दर सहा महिन्यांनी-वर्षाने गळ्यावर थंड जेल लावून घेत 'वाढली का?' विचारणं सगळ्यांना झेपत नाही.

निरंजन_क : म्हणूनच तर शोधू नये म्हणतोय. लहानपणी मानेला रेडिएशन मिळालेले, घरात मेड्युलरी कॅन्सर (थायरॉइड कॅन्सरचा आनुवंशिक असू शकणारा प्रकार) असलेले, हाताला गाठ लागलेले किंवा आवाज बसलेले लोक यात धरलेच नाहीत. त्यांनी तपासणी करायलाच हवी.

मृण्मयी : मग हे पहिल्याच ओळीत लिहा ना! 'करू नये' एवढंच वाचून लोक पुढे जातात.