प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून ट्रॉली दिसते, टॅली दिसत नाही. काय करावं?

मुनीम_जामनेर

नमस्कार मंडळी. जामनेर तालुक्यात एका कापसाच्या जिनिंगवर हिशेबाला आहे, वय ५२. चष्म्याने वैताग आणलाय. कुणी हे भोगलं असेल तर सांगा.

नंबर असा: दूरचा उजवा प्लस ०.७५, डावा प्लस १.२५, जवळच्यासाठी त्यात वाढवायचा नंबर, म्हणजे ॲड, २.००. आतापर्यंत डी बायफोकल होता, म्हणजे काचेत खाली वाचायचा डी आकाराचा तुकडा. वरून बाहेरचा वजनकाटा दिसायचा, खालून वही दिसायची, मधलं कॉम्प्युटरचं अंतर तेवढं अधांतरी. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री मारताना नाक स्क्रीनला लागायचं. पोळा झाल्यावर जळगावला गेलो तेव्हा पोरगा म्हणाला, पप्पा, आता प्रोग्रेसिव्ह घ्या, एकाच काचेत सगळं. बाजारपेठेतल्या एका मोठ्या काचबंद दुकानात गेलो. हनुवटी टेकवायच्या मशीनवर डोळे तपासले, फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली, आणि लगेच 'फ्रेम निवडा'. बारीक, आडवी, काळ्या काड्यांची एक फ्रेम पोराला आवडली. काच म्हणे डिजिटल प्रीमियम, ब्लू कट, एआर कोटिंग. सगळे मिळून १४,८०० रुपये. दोन क्विंटल कापसाचे पैसे झाले हे.

आता केबिन कशी आहे ते सांगतो, म्हणजे अडचण कळेल. समोर खिडकी, पलीकडे भुईकाट्यावर उभी ट्रॉली. खिडकीच्या वरच्या चौकटीवर लाल आकड्यांचा डिस्प्ले, माझ्यापासून तीन-चार फुटांवर पण डोक्याच्या वर. टेबलावर स्क्रीन. स्क्रीनच्या अलीकडे काटापावतीचं बुक.

ट्रॉली दिसते. ड्रायव्हरच्या तोंडातला गुटखाही दिसतो. पावतीबुक दिसतं, पण फक्त मधोमध. ओळीच्या शेवटाला नजर नेली की आकडे पाण्यात पडल्यासारखे पसरतात. स्क्रीनसाठी हनुवटी वर करावी लागते, ती इतकी की संध्याकाळी मानेला बाम. आणि डिस्प्ले! त्याच्यावरचा ८ की ३ हे एका नजरेत कळत नाही. समोर शेतकरी उभा असतो, त्याचा वर्षाचा माल काट्यावर असतो, आणि मुनीम डोळे बारीक करून आकड्याकडे बघतोय म्हटल्यावर त्याच्या मनात भलतंच येतं. त्याचं काय चुकलं?

जिन्यावरून उतरताना पायरी उचलल्यासारखी वाटते, ते वेगळंच.

दुकानात परत दाखवला. नाकाचे पॅड दाबून दिले आणि म्हणाले, काका, सवय होईल. पुन्हा गेलो तर काच मशीनवर ठेवून दाखवली, नंबर बरोबर आहे म्हणे. नंबर बरोबर असेल हो, पण मला दिसत नाही त्याचं काय? दसऱ्याला काटापूजन झालं, गाड्या सुरू झाल्या, आता मी जुना बायफोकल लावून काम करतो आणि हा डबीत पडलाय.

प्रश्न एवढाच: ही सवयीची गोष्ट आहे की दुकानदाराने गंडवलं?

शिरपूरकर

नाना, दोन-चार दिनमा सवय व्हई जाई, घाबरू नका. मलाही सुरुवातीला जिना उतरताना धडकी भरायची. नाक ज्याच्याकडे, नजर त्याच्याकडे, एवढं ध्यानात ठेवा. डोळे फिरवू नका, मान फिरवा.

मुनीम_जामनेर

पोळ्यापासून दसरा आला भाऊ. दोन-चार दिवस केव्हाच होऊन गेले.

शिक्षिका_अमळनेर

भाऊ, मी तर सोडूनच दिला. वर्गात शेवटच्या बाकावरची पोरं दिसत, हातातली वही दिसे, पण फळ्यावर लिहिताना स्वतःचीच ओळ तिरकी वाटायची. सरळ दोन चष्मे केले, एक दूरचा, एक वाचायचा. गळ्यात दोरी अडकवून फिरते. पोरं हसतात, हसू देत. दोन्ही मिळून तुमच्या एकाच्या चौथाईत झाले.

ऑप्टोमेट्रिस्ट_चाळीसगाव

काका, मी चष्म्याच्या दुकानातच काम करते, त्यामुळे दुकानाची बाजू घेतेय असं वाटलं तर वाटू दे. पण 'सवय होईल' हे उत्तर तपासणीनंतर द्यायचं असतं, तपासणीऐवजी नाही.

सवयीचं आधी सांगते. साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांचा मेंदू जुळवून घेतो, तोही चष्मा सलग घातला तर. मध्येमध्ये जुना बायफोकल घातला की सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. पण पोळ्यापासून आतापर्यंत मान वर करावी लागत असेल, तर तिथे सवयीचा संबंध नाही, काच कुठे बसली आहे त्याचा आहे.

प्रोग्रेसिव्हमध्ये वर दूरचा नंबर, खाली जवळचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक अरुंद पट्टा, ज्यात नंबर हळूहळू वाढत जातो. तुमची स्क्रीन त्या पट्ट्यातून दिसायला हवी. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसर भाग राहतोच. तो कुठल्याही कंपनीला काढता आलेला नाही, महागड्या काचेत तो थोडा सरकवता, पसरवता येतो एवढंच. ॲड जितका जास्त तितका तो त्रासदायक. ओळीच्या टोकाला आकडे पसरतात ते यामुळे. १९५९ साली फ्रान्समध्ये ही काच बाजारात आली, तेव्हापासूनचं दुखणं आहे ते.

आता मुद्द्याचं. हा पट्टा तुमच्या बाहुलीसमोर आला पाहिजे. त्यासाठी निवडलेली फ्रेम आधी तुमच्या नाका-कानावर नीट बसवतात, तुम्हाला सरळ समोर बघायला लावतात, आणि मापणारा तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन डमी काचेवर मार्करने बाहुलीसमोर टिंब करतो. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचं अंतरही वेगळं मोजायचं असतं. एकाचं ३१ आणि दुसऱ्याचं ३३ मिलिमीटर असू शकतं. ६४ धरून निम्मं-निम्मं केलं की दोन्ही पट्टे चुकले.

तुमच्यावर असं टिंब केलं होतं का? आठवून सांगा.

घरी बघण्यासारखं: चष्मा घालून लांबचं बघताना हनुवटी खाली घ्यावी लागत असेल तर काच वर बसली आहे. जवळचं आणि स्क्रीन बघायला हनुवटी वर करावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दुसरं वाटतं. दोन मिलिमीटरचा फरकही कळतो.

अजून एक. काचेवर तोंडाची वाफ मारा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. बारीक कोरलेल्या दोन खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली ॲड लिहिलेला असतो, २.०० असेल तर बहुधा २० असं. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. तुमच्या पावतीशी जुळतंय का बघा. या खुणांवरून कंपनीच्या तक्त्यावर चष्मा ठेवून बाहुलीचं टिंब परत काढता येतं, कुठल्याही चांगल्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. ते काढायला सांगा, चष्मा घाला आणि आरशात बघा. टिंब बाहुलीवर आहे की खाली, तुम्हालाच दिसेल. मग वादच नको.

आणि काका, फ्रेमच्या काचेची उभी उंची पट्टीने मोजा. बारीक आडव्या फ्रेममध्ये पट्टा दाबून बसवावा लागतो. दूरचा आणि जवळचा भाग राहतो, मधला जातो. तुमचं काम तर मधल्यातच.

शुगर आहे का? असेल तर तेही सांगा. शुगर वरखाली होत असली की नंबरही हलतो. तशात काढलेल्या नंबराचा चष्मा कितीही नीट बसवला तरी नीट लागत नाही.

भुसावळ_जंक्शन

कशाला एवढं भो? ऑनलाइन मागवा, प्रोग्रेसिव्ह दीड-दोन हजारांत येतो. हे एसीवाले दुकानाचं भाडं आपल्याकडून काढतात.

ऑप्टोमेट्रिस्ट_चाळीसगाव

भाडं काढतात हे खरं. पण ऑनलाइनवाला तुमच्या नाकावर फ्रेम बसवून टिंब कुठून करणार? एका नंबराचा साधा चष्मा मागवा, चालतो. प्रोग्रेसिव्हला माप अंदाजाचं घेतलं तर दीड हजारही गेले आणि डोळेही शिणले.

मुनीम_जामनेर

ताई, तुम्ही विचारलेलं सगळं बघितलं.

टिंब केलं नव्हतं. मोबाइलसारख्या एका यंत्राने समोरून फोटो काढला होता, तेव्हा मी फ्रेम घातलेली नव्हती. पोरगा शेजारीच होता, त्यालाही तसंच आठवतंय.

वाफ मारली तर खुणा दिसल्या. आधी बाहेर उन्हात धरून शोधत होतो, काही दिसेना, रात्री ट्यूबलाइटखाली लगेच सापडल्या. बाहेरच्या बाजूला २० आहे, म्हणजे ॲड बरोबर. काचेची उंची २६ मिलिमीटर भरली.

शुगर आहे, पण गोळीवर आहे आणि नुकतीच तपासली ती बरी निघाली. डॉक्टर फक्त भरीत-पुरीचं नाव काढू देत नाहीत.

ऑप्टोमेट्रिस्ट_चाळीसगाव

मग झालं. फ्रेमशिवाय घेतलेल्या मापात बाहुलीची फ्रेममधली उंची येतच नाही, ती त्यांनी अंदाजाने टाकली असणार. आणि २६ मध्ये तुमच्या कामाचा पट्टा बसवणं अवघड आहे. फ्रेम निदान ३० च्या पुढची घ्या, नाकाच्या पॅडवाली, म्हणजे वरखाली करता येते.

दुकानात भांडायला जाऊ नका, खुणा काढून दाखवा म्हणा. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रेसिव्ह काचांना, सवय झाली नाही तर ठरावीक मुदतीत बदलून द्यायची सोय असते. काचेसोबत कार्ड आलं असेल, त्यावर मुदत बघा. दुकानदार ते आपणहून सांगत नाहीत.

डिस्प्लेचं मात्र कुठल्याच प्रोग्रेसिव्हने होणार नाही. तो जवळ आहे आणि वर आहे, काचेच्या वरच्या भागात तर लांबचा नंबर. डिस्प्लेच खाली घ्या, स्क्रीनच्या शेजारी. शेठला सांगा, वायर लांबवायची तेवढाच खर्च.

दिवसभर टॅली असेल तर कामाचा वेगळा चष्मा करणं हाही मार्ग आहे. त्यात लांबचा भाग जवळजवळ नसतो, स्क्रीन आणि वही यांचीच रुंद जागा असते. तो घालून मोटारसायकल चालवायची नाही, एवढं पथ्य.

धुळे_वकिली

दुकानदार ऐकला नाही तर हेही ठेवा जवळ. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलतात. तिथे तक्रार नोंदवली की बरेचदा दुकानाचा फोन येतो. नाहीच जमलं तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण त्यासाठी पक्की पावती हवी, आणि तिच्यावर काचेचं नाव. नुसतं 'डिजिटल प्रीमियम' लिहिलेलं असेल तर ती कुठली काच हे उद्या कोण सांगणार?

मुनीम_जामनेर

पावती बघितली. वकीलसाहेब, अगदी तसंच लिहिलंय, 'डिजिटल प्रीमियम'. काचेचं कार्ड मागितलं नव्हतं आणि त्यांनी दिलं नव्हतं.

शिक्षिका_अमळनेर

माझ्याही त्या सोडून दिलेल्या प्रोग्रेसिव्हला वाफ मारून बघितलं. एका काचेवर २०, दुसरीवर २२. माझा ॲड दोन्हींना २.०० च आहे, डॉक्टरांच्या कागदावर तसंच आहे. म्हणजे काचच चुकीची बसवली होती की काय! ताई, आता काय करू?

ऑप्टोमेट्रिस्ट_चाळीसगाव

मॅडम, दोन्ही काचांवर वेगळा ॲड क्वचित मुद्दाम देतात, पण तो कागदावर लिहिलेला असतो. कागद आणि चष्मा घेऊन जवळच्या दुकानात मशीनवर मोजून घ्या. २२ म्हणजे बहुधा २.२५. मोजून तोच निघाला तर ज्यांनी दिला त्यांच्याकडे जा. दोन चष्म्यांच्या दोरीतून सुटाल कदाचित.

मुनीम_जामनेर

काल बाजाराच्या दिवशी गाड्या कमी होत्या, जळगावला जाऊन आलो. पहिल्यांदा तेच, काका, सवय होईल. मी म्हटलं, तक्ता काढा आणि खुणा करा. त्या पोराला तक्ता सापडेना, मग मालक स्वतः आले. टिंब केलं, मी आरशात बघितलं, उजव्याचं बाहुलीच्या बरंच खाली, डाव्याचं त्याहून खाली आणि नाकाकडे. मालक काही बोलले नाहीत, पोराकडे बघितलं फक्त. मग चहा मागवला.

काच कंपनीकडून बदलून देतो म्हणाले, पैसे नाहीत. फ्रेम मात्र नवीन घ्यावी लागेल, ३२ मिलिमीटरची एक निवडली, तिचे ९०० सांगितले. ते द्यावेत की नाही यावर थोडी हुज्जत झाली, शेवटी निम्म्यावर आलो. यावेळी फ्रेम घालून माप घेतलं, मालकांनी स्वतः, खुर्ची पुढे ओढून. नव्या पावतीवर काचेचं नाव, दोन्ही डोळ्यांची मापं आणि उंची लिहून घेतली. कार्ड काचेबरोबर येईल.

शेठला डिस्प्लेचं सांगितलं. म्हणाले, सीझन संपू दे. तोपर्यंत हमालांपैकी एक पोरगा आकडा मोठ्याने वाचतो आणि शेतकऱ्यालाही वाचायला लावतो. शेतकऱ्यांना ते जास्त पटलंय.

काच आली की लिहितो.