टेक्निकल रायटिंग फक्त आयटीवाल्यांचं?

इथल्या चर्चेत एकाने म्हटलंय की टेक्निकल रायटिंग, म्हणजे तांत्रिक गोष्टी नेमक्या शब्दांत लिहिणं, हे सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल लिहिणाऱ्यांचं काम, कोअर (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल वगैरे) इंजिनियरला त्याचा उपयोग नाही. हे अजिबात पटलं नाही. मी मेंटेनन्समध्ये आहे आणि रोज ब्रेकडाउन रिपोर्ट वाचतो. एक जण लिहितो, 'बेअरिंग खराब, बदलले.' दुसरा लिहितो, 'ड्राइव्ह साइडचे ६२०५ नंबरचे बेअरिंग बदलले. बाहेरच्या रिंगवर हाउसिंगमध्ये फिरल्याच्या खुणा, बोअर मोजून घ्यावा.' पहिल्याच्या रिपोर्टवरून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. दुसऱ्यामुळे कळतं की बेअरिंग ज्या घरात (हाउसिंगमध्ये) बसतं, तिथला फिट सैल झालाय, नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही. आमच्याकडे असं लिहिणारा एक आयटीआय झालेला फिटर आज प्लॅनिंग बघतो. हाताचं कौशल्य बाकीच्यांकडेही तेवढंच होतं, पण त्याचा विचार कागदावर वरिष्ठांना दिसत होता.

चर्चेत न आलेली एक गोष्ट म्हणजे विमान देखभालीतलं सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, म्हणजे ठरावीक नियमांनी लिहिलेलं सोपं इंग्रजी. जगभरच्या मेकॅनिकांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने ते तयार केलं. पहिली मार्गदर्शिका १९८६ची. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, आणि धोक्याची सूचना त्या कृतीच्या आधी, नंतर नाही. इंग्रजी कच्चं म्हणून घाबरणाऱ्या आपल्या डिप्लोमाच्या मुलांनी हे नियम जरूर बघावेत. छोटी, नेमकी वाक्यं तिथे कमीपणाची मानत नाहीत, तीच मागतात.